कांबळी उन्हात

अध्यक्षमहाराज, वडीलधारी मंडळी, या बाजूला बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, आणि मागे दारापाशी उभ्या राहिलेल्या बर्फाच्या कारखान्यातल्या भावांनो,

तुम्ही एवढे सगळे आलात. कोणी गिरगावातून, कोणी दादरहून, कोणी थेट परळहून पायी. नरहरकाकांसाठी आलात. मी त्यांची पुतणी, दुर्गा. मला सभेत बोलायची सवय नाही. माझी आई आज सकाळपर्यंत म्हणत होती की बाईमाणसाने शोक घरात करावा. मीही तेच म्हणत होते.

मी बोलायला उभी राहिले त्याला एक कारण आहे. ते आधीच सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी ते मागाहून घुसडलं. ही सभा संपली की तुमच्यातली काही माणसं इथून उठून लालबागला जाणार आहेत. ज्या चाळीत काका मारले गेले त्या चाळीत. पुन्हा. हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण या दिवाणखान्यात जो कोणी शिरला त्याला ते कळलेलं आहे. तुम्ही जाण्याआधी काका कशामुळे मेले ते तुम्ही ऐकावं, एवढंच माझं मागणं आहे. जे मी डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन. जे ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगेन. काकांनीच मला तसं शिकवलं.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. काकू गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून आमच्याच बिऱ्हाडात राहायचे. मी शाळेत गेले नाही. मला अक्षर काकांनी शिकवलं, हिशेब काकांनी शिकवला, आणि प्रश्न कसा विचारावा तेही त्यांनीच शिकवलं. मी एकदा म्हटलं, काका, थंडीत दही का लागत नाही? दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, थंडी आहे म्हणून. काकांनी तीन वाट्या मांडल्या. एकीत उकळतं दूध, एकीत कोमट, एकीत कारखान्यातून आणलेल्या बर्फात ठेवलेलं गार. तिन्हींत विरजण घातलं. कोमट दुधाचं दही झालं. उकळत्यातलं झालं नाही. गार दुधातलंही झालं नाही. मी म्हटलं, दोन्हीतलं विरजण मेलं. काका म्हणाले, थांब. त्यांनी ते गार दूध चुलीजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं दही झालेलं होतं. उकळत्या दुधाचं गार झाल्यावरही कधी झालं नाही.

"बघ दुर्गे," ते म्हणाले, "थंडीने ते मेलं नव्हतं. थंडीने ते राखून ठेवलं होतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळं याच्यावरून घडलं.

काका बर्फाच्या कारखान्यात कारकून होते. करी रोडच्या बाजूला जो कारखाना आहे, तिथे. कारखान्यातल्या भावांना हे सांगायला नको, पण गिरगावकरांना सांगते. तिथे एक थंड खोली असते. बर्फाच्या लाद्या तिथे रचून ठेवतात. त्या खोलीत उघड्या अंगाने जाता येत नाही, म्हणून दारापाशी खुंट्यांवर कांबळी टांगलेली असतात. आत जायचं तर खुंटीवरचं कांबळं घ्यायचं, डोक्यावरून घ्यायचं, तोंडाभोवती गुंडाळायचं, काम करायचं, बाहेर येताना परत टांगायचं. पुढचा माणूस तेच घेतो. कांबळं कोणाचं नाही आणि सगळ्यांचं आहे.

गेल्या हिवाळ्यात मुंबईत खोकल्याच्या तापाची साथ आली, ती तुम्हा सर्वांच्या घरी येऊन गेली आहे. डॉक्टर तिला इन्फ्लुएन्झा म्हणतात. आपण खोकल्याचा ताप म्हणतो. चैत्र लागला, ऊन तापलं, आणि साथ ओसरली. गिरगावात थांबली. परळात थांबली. बर्फाच्या कारखान्यात थांबली नाही. भर वैशाखात, बाहेर डांबर वितळत असताना, थंड खोलीतली माणसं खोकत होती. एक बरा झाला की दुसरा पडायचा. दोघे दगावले. लोक म्हणाले, बर्फ बाधला. काका म्हणाले, बर्फ सगळ्यांना बाधायला हवा, मग जे आत जातात पण स्वतःचं घोंगडं घरून आणतात त्यांना का बाधत नाही?

त्यांनी कांबळ्यांकडे बोट दाखवलं. एकजण कांबळ्यात खोकतो. कांबळं थंड खोलीच्या दारात टांगलेलं राहतं. त्यात जे काही जिवंत आहे ते थंडीने मरत नाही, राखलं जातं. दुसरा येतो आणि तेच तोंडाला गुंडाळतो.

आता कारखान्यातल्या मारामारीचं सांगते. काका गरीब गाय होते, असं कोणी बोललं तर ते खोटं आहे. ते तापट होते. त्यांनी मुकादमांना सांगितलं की ही कांबळी रोज उन्हात घाला. तुकाराम मुकादम हसले. ते मागे उभे आहेत, त्यांना आठवत असेल. ते म्हणाले, "पंत, आज कांबळी उन्हात, उद्या म्हणाल बर्फ उन्हात." सगळे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते सगळी कांबळी कवेत घेऊन बाहेर निघाले. मुकादमांनी ओढली. काकांनी सोडली नाहीत. मुकादमांनी कानाखाली वाजवली. काकांनी डोकं त्यांच्या छातीवर आपटलं. मग कोणी कोणाला किती मारलं ते मी पाहिलेलं नाही. काका घरी आले तेव्हा त्यांचा पुढचा दात पडलेला होता आणि उपरणं रक्ताने चिकटलेलं होतं. आईने हळद लावली. काका म्हणाले, वहिनी, हळद राहू द्या, कांबळी उन्हात पडली आहेत.

त्या भांडणानंतर कांबळी उन्हात पडू लागली. कदाचित काकांच्या हट्टामुळे, कदाचित मुकादमांना वाटलं की या वेड्याचा दात पाडला, आता एवढं तरी करावं. थोड्याच दिवसांत थंड खोलीतला खोकला थांबला. मला सांगावंच लागेल की काका याला पुरावा म्हणत नव्हते. ते म्हणायचे, साथ आपोआप संपली असेल. त्यांनी मग एक काम केलं. कारखान्याच्या पत्र्यावर भर दुपारी कांबळं पसरलं, त्याच्या घडीत थर्मामीटर ठेवला. बाहेर काढला तर पारा इतका वर गेलेला होता की माणसाला तेवढा ताप आला तर माणूस उरणार नाही. मग ते म्हणाले की ही उष्णता आणि माणसाच्या अंगातला ताप या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. अंगात तर हा जंतू सुखाने राहतो. अंग म्हणजे त्याचं कोमट दूध. त्याला मारायचं तर अंगाबाहेर, कपड्यात, अंथरुणात, उन्हाने मारायचं. तो नुसत्या उष्णतेने मरतो की उन्हाच्या उजेडाने की कोरडं होऊन, ते त्यांना वेगळं करता आलं नाही. किती वेळ लागतो, तेही कळलं नाही. ते त्यांना बोचत असे.

पण हिवाळा पुन्हा येणार होता. थांबायला वेळ नव्हता. म्हणून काका चाळींतून सांगत हिंडू लागले.

काका गिरणीकामगारांच्या चाळीत कशाला गेले, असं इथे आज दोन वेळा म्हटलं गेलं. अध्यक्षांच्या तोंडून 'मारेकऱ्यांची चाळ' असा शब्द निघाला. मी अध्यक्षांचा मान राखून सांगते, काका त्या चाळीत गेले कारण एका खोलीत आठ-आठ माणसं पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीचा उठतो, रातपाळीचा त्याच गोधडीत शिरतो. गोधडी गार व्हायला वेळ मिळत नाही आणि उन्हात जायला तर नाहीच. काकांना तिथे ती थंड खोलीच दिसली. खुंटीवरचं कांबळं दिसलं.

मी त्यांच्याबरोबर जायचे. पुरुष ओट्यावर बसायचे, त्यांच्याशी काका बोलायचे. मी आत बायकांशी. बायकांना मी विरजणाचं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, म्हणजे हा खोकला आमच्या अंथरुणात विरजलाय म्हण की. सगळ्या हसल्या आणि सगळ्यांना कळलं. मला आजही वाटतं की विरजण पुरुषांना सांगायला हरकत नव्हती. पण पुरुष दही लावत नाहीत.

काकांनी ओट्यावर कोणता शब्द वापरावा, यावर आमचा घरी पुष्कळ खल झाला होता. पुस्तकातला शब्द उष्णता. काकांनी तो एका चाळीत वापरून पाहिला होता. जंतू उष्णतेने मरतो, असं सांगितलं. आठवड्याने परत गेले तर अर्धी चाळ रोज सब्जा भिजवून पीत होती आणि कोणी उन्हात जात नव्हतं. उष्णता म्हटलं की आपल्या लोकांना पोटातली उष्णता आठवते. काका कपाळावर हात मारून घेत घरी आले. म्हणाले, दुर्गे, सोपा शब्द हवा. तवा तापतो, पत्रा तापतो, ऊन तापतं. ताप म्हणू. ताप सगळ्यांना कळतो.

ताप सगळ्यांना कळतो.

सभ्य गृहस्थहो, या एका शब्दाने दोन माणसं मेली. एक तुमचे नरहरपंत. दुसरी तीन-चार वर्षांची पोर होती. तिच्यासाठी आज कोणी इथे जमलेलं नाही, म्हणून तिचं नाव मी घेते. यमी. बाप धोंडू, गिरणीत मागावर. आई सखू. कोकणातली माणसं.

धोंडू ओट्यावर सर्वांत पुढे बसायचा. काका बोलताना तो मान हलवायचा. काकांनी सांगितलं, खोकल्याचा जंतू थंडीत टिकतो आणि तापाने मरतो. धोंडूने ते पाठ केलं. मग थंडी पडली, सखू आजारी पडली, पाठोपाठ यमी. यमीच्या अंगात ताप भरला.

आता पुढचं मी ऐकलेलं आहे. सखूकडून, शेजारणींकडून. सखू स्वतः ग्लानीत होती. धोंडूने पोरीच्या अंगाला हात लावला, अंग भाजत होतं, आणि त्याला बरं वाटलं. ऐका हे. त्याला बरं वाटलं. तो शेजारणीला म्हणाला, ताप चढतोय, आता जंतू मरतील. शेजारीण ओल्या फडक्याची घडी घेऊन आली, तिला त्याने परत पाठवलं. म्हणाला, गार नको, पंतांनी सांगितलंय, गारव्यात ते जगतात. खिडकी लावून घेतली. फटीत चिंध्या कोंबल्या. घरात होती नव्हती ती पांघरुणं पोरीवर घातली. शेगडीत कोळसे फुलवले आणि शेगडी खाटेला लावून ठेवली. पोर पांघरुणं लाथाडायची, तो परत घालायचा. ती रडायची, तो तिला म्हणायचा, थोडा सोस, थोडा सोस, मरतायत ते.

पोर गेली. डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या धुराने की तापाने, ते सांगता यायचं नाही. मीही सांगू शकत नाही.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. सखू आजारी आहे एवढं कळलं होतं. म्हणून काका आणि मी सकाळी चाळीत गेलो. हे मी पाहिलेलं आहे. नळावर बायका होत्या, पण बोलत नव्हत्या. धोंडू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. त्याच्या हातात धोटा होता. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, मागावर सूत इकडून तिकडे नेणारा तो लाकडी तुकडा. दोन्ही टोकांना लोखंडी अणी असते. गिरणीत तो सुटून उडाला तर माणसाचा डोळा जातो.

काकांनी विचारलं, "पोर कशी आहे रे धोंडू?"

धोंडू म्हणाला, "तापान मरता, असांच म्हणालात मां तुम्ही, पंत?"

आणि काका म्हणाले, "हो. तापानेच मरतो."

काकांना वाटलं, तो धडा म्हणून दाखवतोय. त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. धोंडू म्हणाला, "गेलां माझां चेडू. तापान." चेडू म्हणजे मुलगी. आणि धोटा त्याने काकांच्या तोंडावर घातला.

अणी गालातून आत गेली. काका खाली बसले, पडले नाहीत. दुसरा घाव कपाळावर. तेव्हा रक्त डोळ्यांत उतरलं. काका हात वर करून काहीतरी सांगत होते. मार चुकवण्यासाठी तो हात वर नव्हता. ओट्यावर बोलताना जसा करायचे तसा होता. तोंड फुटलेलं, शब्द नीट येत नव्हते. मला ते ऐकू आले, कारण मी त्यांचं धोतर धरून ओढत होते. ते म्हणाले, "अरे, तो ताप नव्हे. ऊन. ऊन म्हणत होतो मी."

धोंडूच्या कानावर हे गेलं का? मला माहीत नाही. तोवर वरून माणसं उतरली होती. पोर मेलेली सगळ्यांनी पाहिली होती. कोणी काठी आणली, कोणी जळण फोडायचा दांडा. एकाने काकांच्या पोटात लाथ मारली, ती मारताना तो हुंदके देत होता. एकजण ओरडला की हा सरकारचा माणूस आहे, पोरं मारायला पाठवलेला. मी मध्ये पडले. माझ्या बांगड्या फुटल्या, मनगटाला दांडा लागला, ही खूण त्याचीच. त्याच चाळीतल्या एका बाईने मला केसांना धरून खोलीत ओढलं, पालथं पाडलं आणि माझ्यावर आडवी पडली. पाठीवर दोन फटके तिने खाल्ले. तिचं नाव मी इथे घेत नाही, कारण तिला तिथेच राहायचं आहे.

मी बाहेर आले तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. काका होते. थर्मामीटर त्यांच्या खिशात फुटला होता. पारा फरशीवर सांडला होता. तो रक्तात मिसळत नव्हता. लहान लहान गोळ्या होऊन रक्तावरून पळत होता. मी तो गोळा करायला लागले. का, ते मला अजून कळत नाही. कोणीतरी येऊन माझे हात धरले तेव्हा मी थांबले.

नंतरचं कारखान्यातल्या भावांना माहीत आहे. पंचनाम्यासाठी देह ठेवावा लागला, तेव्हा तुम्ही बर्फ घेऊन आलात. तुकाराम मुकादमांनी स्वतःच्या हाताने लाद्या मांडल्या आणि रात्रंदिवस उशाशी बसले. ज्यांनी काकांचा दात पाडला होता ते मुकादम. मी हे विसरणार नाही. मी काकांच्या कपाळाला हात लावला. सगळं जसंच्या तसं होतं. कपाळावरची खोक, गालाचं भोक, सगळं. थंडीने राखून ठेवलं होतं.

आणि मग तुम्ही लालबागला गेलात. हे मी पाहिलेलं नाही, पण नंतर जाऊन बघून आले. धोंडूला पोलिसांनी आधीच नेलं होतं. तो तिथे नव्हता. तुम्हाला त्याचा धाकटा भाऊ रामा सापडला. काकांना मारलं तेव्हा रामा गिरणीत पाळीवर होता, ही गोष्ट तुमच्यातल्या एकाने तरी विचारली का? त्याचा उजवा हात तुम्ही जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि बर्फ फोडायच्या सळईने ठेचला. तो हात आता माग चालवणार नाही. हंडे फोडलेत. एका गरोदर बाईला ढकललंत. आणि कठड्यावर ज्या गोधड्या वाळत होत्या त्या ओढून गटारात टाकल्यात.

त्या गोधड्या तिथे का होत्या, ते तुम्हाला ठाऊक आहे?

मी काल गेले होते. आई आडवी आली, तरी गेले. सखू आता उठून बसते. ती एकटी गटारातल्या गोधड्या काढून धूत होती. मला पाहून ती उठली नाही, रडली नाही. मी तिच्यापाशी उकिडवी बसले. एक गोधडी मीही पिळायला घेतली. मग तिने विचारलं, "पंत सांगत होते तां खरां होतां काय गो?"

मी काय सांगणार? हो म्हटलं तर तिच्या नवऱ्याने पोर मारली. नाही म्हटलं तर काका खोटे. मी सांगितलं की पूर्ण खरं आहे की नाही, हे काकांनाही माहीत नव्हतं. पण अंथरुणाला ऊन द्यायचं, अंगाला ताप नाही, हे खरं आहे. तिने मान हलवली. एक छोटी गोधडी हातात घेतली, चौकोनी, लाल ठिगळांची. पिळली. म्हणाली, "मगे मी घालतंय उन्हात. दुसऱ्यांची पोरां आसत." आणि ती काठीला धरून अंगणात गेली आणि ती गोधडी तिने दोरीवर टाकली.

मंडळी, पुढच्या बाकावरून कुजबुज येते आहे, ती मला ऐकू येते. ही मुलगी मारेकऱ्याची वकिली करते आहे, असं म्हणताय. नाही. उद्या मला कोर्टात साक्ष द्यायची आहे. धोटा कोणी मारला ते मी सांगणार आहे. पहिला घाव, दुसरा घाव, सांगणार आहे. आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला सुचवलं की तेवढंच सांग, त्या शब्दाचं बोलू नकोस, पंतांचं नाव वाईट होईल. मी तो शब्दही सांगणार आहे. काका काय म्हणाले, धोंडूने काय ऐकलं, आणि मरताना काका काय म्हणाले. धोंडूचं काय करायचं ते कोर्टाने ठरवावं. अर्धी गोष्ट सांगून मी त्याला फाशी देणार नाही आणि अर्धी गोष्ट सांगून सोडवणार नाही.

काकांनी त्याला क्षमा केली असती, असंही मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. दात पडल्यावर ते मुकादमांशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. समोरून आले की छत्री आडवी धरायचे. पण त्या दिवसांतसुद्धा ते रोज दुपारी पत्र्यावर जाऊन बघायचे की मुकादमांचं कांबळं उन्हात पडलं आहे की नाही. नसलं तर स्वतः उलटं करून टाकायचे. मुकादम, हे तुम्हाला माहीत नसेल. मला त्यांनी सांगितलं होतं. म्हणाले, भांडण त्याच्याशी आहे, त्याच्या फुप्फुसाशी नाही.

भावांनो, तुम्ही तुमचा राग बर्फावर ठेवला आहे. मला तो समजतो. माझ्याकडेही आहे. मी रोज पहाटे उठते आणि तो धोटा मला दिसतो. पण तुम्ही आज तिथे गेलात तर काय होईल? चाळ दारं लावून घेईल. खिडक्या लावून घेईल. फटीत चिंध्या कोंबेल. गोधड्या बाहेर यायच्या नाहीत, कारण बाहेर तुम्ही असाल. पौष चालू आहे. अजून थंडीचा सगळा जोर पुढे आहे. त्या बंद खोल्यांमध्ये आठ-आठ माणसं खोकतील. जे काम काकांनी दात देऊन आणि जीव देऊन सुरू केलं ते तुम्ही एका दुपारी काठीने बंद कराल. आणि त्यांच्या नावाने कराल.

आता सभेच्या रीतीप्रमाणे मृताला मान म्हणून स्तब्ध उभं राहायचं आहे. अध्यक्षमहाराज, माझी एक विनंती आहे. या दिवाणखान्यात नको. इथे आपण सगळी दारं-खिडक्या लावून, वारा लागेल म्हणून गुरफटून बसलो आहोत, आणि मघापासून निदान दहाजण खोकले आहेत. काकांना हे एक क्षण सहन झालं नसतं. बाहेर अंगणात ऊन आहे. चांगलं तापलं आहे. आपण तिथे उभे राहू.

आणि कारखान्यातल्या भावांनो, तुमच्या अंगावर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत कांबळी आहेत. ती खुंटीवरचीच आहेत, मी ओळखते. कांबळ्यांच्या आत काय धरून उभे आहात, तेही मला मघापासून दिसतं आहे. बाहेर कठडा रिकामा आहे. कांबळी उतरवा आणि त्याच्यावर पसरा. आतलं जे आहे ते भिंतीशी ठेवा. मग मोकळ्या हातांनी, उघड्या खांद्यांनी, कांबळी तापेपर्यंत आपण सगळे गप्प उभे राहू. त्यानंतर ज्याला लालबागला जायचं असेल त्याने जावं. मी आडवी येणार नाही. मी गोधड्या धुवायला जाणार आहे, ज्याला यायचं त्याने बरोबर यावं.

काका, तुमचा शब्द चुकला. तुमची गोष्ट चुकली नव्हती. तुम्ही शिकवलंत तेवढं, आणि तेवढंच, मी बोलले. तुम्हाला नमस्कार करते.

कोणीतरी दार उघडा.

मुकादम, पहिलं कांबळं तुमचं.